टाकून दिलं म्हणजे लबाडी केली असं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटर सिम्युलेशनवर, म्हणजे खरी घडामोड कॉम्प्युटरवर आकड्यांनी खेळवून बघण्यावर, आलेला लेख वाचला. विषय घेतलात ते बरं केलंत, पेपरात असलं काही सहसा येत नाही. पण त्यातला एक परिच्छेद काही घशाखाली उतरेना म्हणून हे पत्र, आणि ते लांबणारे हे आधीच सांगून ठेवते. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की कॉम्प्युटर आधी ढीगभर रँडम आकडे काढतो, मग त्यातले नको असलेले फेकून देतो आणि उरलेल्यांना सॅम्पल म्हणतो, म्हणजे ही चाळणीच झाली, आणि चाळून घेतलेल्या गोष्टीला रँडम म्हणायचं तरी कशाला, उद्या कोणीही आपल्याला हवं तेवढं ठेवेल आणि म्हणेल गणिताने असं आलं. वाचायला झणझणीत आहे, पण साफ चूक आहे. ज्या पद्धतीबद्दल हे लिहिलंय तिला रिजेक्शन सॅम्पलिंग म्हणतात आणि टाकून देणं हा तिचा सगळ्यात सरळ भाग आहे. लबाडी होतच नाही असं मी म्हणत नाहीये, होते, पण ती होते भलत्याच ठिकाणी आणि त्या ठिकाणाचा लेखात पत्ताच नाही.

आधी अडचण काय असते ते बघू. कॉम्प्युटरला रँडम आकडा मागितला की तो शून्य ते एक यांच्या मधला कुठलातरी आकडा देतो, सगळीकडे सारखी शक्यता असलेला, सपाट. पण आपल्याला कामाला लागतात ते आकडे सपाट नसतात, कुठे मधे फुगवटा असतो, कुठे एका बाजूला लांब शेपूट असतं. समजा आपल्याला असे आकडे हवेत जे शून्य ते एकमधेच आहेत पण मधोमध जास्त आणि कडेला कमी, आणि कुठल्या आकड्याची शक्यता किती हे दाखवणाऱ्या कर्व्हची उंची काढायचा फॉर्म्युला आहे ६ गुणिले क्ष गुणिले (१ − क्ष). ह्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ बरोबर १ येतं आणि सगळ्यात उंच जागा क्ष ०.५ ला असताना १.५ आहे. आता ह्याच्याभोवती १ रुंद आणि १.५ उंच असा चौकोन काढा आणि त्यात डोळे मिटून ठिपके टाका. कर्व्हच्या खाली पडले ते ठेवा, वर पडले ते सोडून द्या, आणि ठेवलेल्या ठिपक्यांचा फक्त आडवा आकडा, म्हणजे क्ष, लिहून घ्या. झालं, एवढीच पद्धत आहे. हे लिहून घेतलेले आकडे आपल्याला हव्या त्या कर्व्हप्रमाणे पसरलेले असतात.

का ते पण बघा, अवघड नाहीये. क्ष ०.५ आला तर कर्व्ह चौकोनाच्या छताला टेकलेला आहे, म्हणजे तिथला ठिपका राहणारच. क्ष ०.१ आला तर कर्व्हची उंची ०.५४ आहे, छत १.५ वर, म्हणजे शंभरातले ३६ राहणार आणि ६४ जाणार. ०.५४ आणि १.५ चं जे प्रमाण तेच ३६ आणि १०० चं प्रमाण. जिथे उंची जास्त तिथे जास्त राहतात, जिथे कमी तिथे त्याच हिशोबात कमी राहतात, आणि आपल्याला नेमकं तेच तर हवं होतं. प्रत्यक्ष करून बघा. दरवेळी दोन रँडम आकडे घ्यायचे, पहिला म्हणजे क्ष आणि दुसरा ठिपक्याच्या उंचीसाठी. पहिला आकडा ०.१ आला, दुसरा ०.३ आला, त्याला छताच्या १.५ ने गुणलं की ठिपक्याची उंची ०.४५, हे ०.५४ पेक्षा कमी, ठेवा. पुढच्या वेळी ०.९ आणि ०.७, उंची परत ०.५४च पण गुणाकार १.०५, गेला. मग समजा परत ०.१ आला आणि जोडीला ०.८ आला, गुणाकार १.२, हाही गेला. म्हणजे तोच ०.१ मघाशी राहिला आणि आता गेला!

म्हणूनच चाळणीची उपमा मला खटकली. चाळणी जाड दाणा दरवेळी अडवते, तिला दाण्याची जात कळते. इथे ०.१ हा आकडा चांगला की वाईट असा सवालच नाही, त्याला ३६ टक्के संधी आहे एवढंच ठरलेलं आहे आणि ती संधी लागली का नाही हे दुसरा रँडम आकडा सांगतो, माणूस सांगत नाही. आणि हा नियम पहिला ठिपका पडायच्या आधी लिहून झालेला असतो. निकाल बघून नको ते वगळणं ह्याला आपण सगळेच लबाडी म्हणू, पण त्यात निकाल आधी येतो आणि नियम मागून. इथे क्रम बरोबर उलटा आहे आणि लेखात हा फरक कुठेच नाही.

ही युक्ती काही आजची नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९४७ साली दुसरा गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम याला लिहिलेल्या पत्रात ती आहे, लॉस अ‍ॅलामॉसच्या, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतल्या, न्यूट्रॉनच्या हिशोबांसाठी, न्यूट्रॉन किती लांब जाईल, कुठल्या दिशेला वळेल हे कॉम्प्युटरवर खेळवून बघायचं होतं म्हणून. छापून आली १९५१ साली, एका छोट्याशा लेखात, आणि त्याच लेखात त्याने अंकगणिताने रँडम आकडे बनवू पाहणाऱ्यांना पापी म्हणलंय, ते वाक्य सगळे सांगत फिरतात आणि बाकीचा लेख कोणी वाचत नाही. बाकीच्या लेखातच नाण्याची एक गोष्ट आहे आणि तुमच्या लेखकाला माझं उत्तर त्यातच मिळेल.

समजा नाणं खोटं आहे, १०० पैकी ७० वेळा छापा पडतो. ह्याच नाण्याने सरळ निवाडा करायचाय. फॉन नॉयमन म्हणतो दोनदा उडवा. दोन्ही वेळा सारखंच आलं तर दोन्ही सोडून द्या आणि नव्याने दोनदा उडवा. छापा मग काटा आला तर छापा धरा, काटा मग छापा आला तर काटा धरा. पहिल्याची शक्यता ०.७ गुणिले ०.३, दुसऱ्याची ०.३ गुणिले ०.७, दोन्ही २१ टक्के, एकदम सारख्या. ५८ टक्के वेळा जोडी फुकट जाते पण खोट्या नाण्यातून खरा निवाडा निघतो, आणि नाणं नक्की किती खोटं आहे हे माहीत असायचीही गरज नाही. एकही जोडी टाकली नाही तर हे जमणारच नाही.

आता लबाडी, किंवा आळस म्हणा, कुठे शिरतो बघा. कोणीतरी म्हणतं दोन छापे आले तर दोन्ही कशाला टाकायचे, एक टाकू, दुसरा ठेवू आणि पुढचा उडवू, वेगळं येईपर्यंत. ऐकायला काटकसर वाटते. पण असं केलं की पहिल्यांदा छापा पडला की शेवटची जोडी छापा-काटा अशीच येणार, मधे कितीही वेळा उडवा, आणि पहिल्यांदा काटा पडला तर काटा-छापा. म्हणजे निकाल पहिल्याच उडवण्यात ठरला, आणि तिथे ७० टक्के छापा आहे. खोटेपणा होता तेवढा सगळा परत आला. टाकलं दोघांनीही, पण एकाने पूर्ण टाकलं आणि दुसऱ्याने अर्धवट.

अगदी हीच चूक कर्व्हवाल्या पद्धतीत कोड लिहिताना होते. ठिपका कर्व्हच्या वर पडला तर क्ष तोच ठेवायचा आणि फक्त दुसरा आकडा परत काढायचा, असं लूप चुकून लिहिलं जातं. मग काय होतं, प्रत्येक क्ष कधी ना कधी पास होतोच, ०.१ बिचारा जरा जास्त फेऱ्या मारेल पण राहणार, आणि शेवटी हातात येतात ते सपाट आकडे, जणू कर्व्ह कधी काढलाच नव्हता. प्रोग्राम एरर देत नाही, आकडे दिसायला रँडम दिसतात. असलं काही पकडायचं तर काढलेल्या आकड्यांचा आलेख काढून कर्व्हवर ठेवून बघणं एवढाच उपाय आहे आणि तो करायला माणसं कंटाळा करतात.

आणखी एक गोष्ट, जिथे न टाकणं हाच अन्याय होतो. कॉम्प्युटरकडून एक बाइट घेतला तर तो ० ते २५५ मधला आकडा देतो, एकूण २५६. त्यातून सहा बाजूंचा फासा बनवायचाय, तर सरधोपट मार्ग म्हणजे ६ ने भागून बाकी घ्यायची. पण २५६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, ४२ सक २५२ आणि वर उरले ४. म्हणून बाकी ०, १, २, ३ प्रत्येकी ४३ वाटांनी येतात आणि ४ व ५ प्रत्येकी ४२ वाटांनी. सरळ माणसाने काय करावं, २५२ ते २५५ ह्यातला आकडा आला की तो सोडून नवा बाइट घ्यावा. चार आकडे टाकले की फासा सरळ. तुम्ही म्हणाल एवढ्याने काय बिघडतं, आणि मोठे आकडे घेतले तर फाशाच्या बाबतीत खरंच काही बिघडत नाही, ३२ बिटांचा आकडा साधारण ४२९ कोटींपर्यंत जातो, तिथे सहाची बाकी घेताना पडणारा फरक कोणाला दिसायचा नाही. पण त्याच ३२ बिटांतून ३०० कोटी गोष्टींपैकी एक निवडायला जा, पहिल्या १२९ कोटींची शक्यता बाकीच्यांच्या दुप्पट होते. पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं रँडम मॉड्यूल म्हणूनच बाकी घेण्याच्या भानगडीत पडत नाही, सहातला एक हवा असेल तर तीन बिट मागतं, म्हणजे ० ते ७, आणि ६ किंवा ७ आला तर फेकून परत मागतं. तुमच्या लेखकाने कधी पायथॉनमधे फासा टाकला असेल तर त्याच्या नकळत हे फेकणं झालंय, दर चारात एकदा ह्या हिशोबाने.

लेखात अमेरिकेतल्या १९६९ च्या सैन्यभरतीच्या लॉटरीचं उदाहरण ह्याच ओघात घातलंय तेही इथे बसत नाही. त्या १ डिसेंबरला वर्षातल्या ३६६ जन्मतारखांच्या कॅप्सूल काढल्या, तारीख लवकर निघाली की त्या दिवशी जन्मलेल्यांना आधी बोलावणं, आणि नंतर आकडेवाल्यांच्या लक्षात आलं की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जरा जास्तच लवकर निघाल्यात, कारण कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या. बरोबर आहे, घडलंय ते. पण तिथे एकही कॅप्सूल बाजूला टाकली नव्हती, झाडून सगळ्या काढल्या. दोष ढवळण्यात होता. टाकून देण्यावर टीका करायला हेच उदाहरण कसं काय सुचलं कोण जाणे.

लेखकाच्या बाजूने बोलायचं तर एक शंका त्याने रास्त घेतलीय, की ह्यात वाया किती जातं. वरच्या उदाहरणात चौकोनाचं क्षेत्रफळ १.५ आणि कर्व्हखालचं १, म्हणजे तीनातले दोन राहतात, ते चालतं. चौकोनात वर्तुळ घातलं तर ७८.५ टक्के ठिपके आत पडतात, घनात गोल घातला तर ५२.४ टक्के. इथपर्यंत बरं चाललंय असं वाटतं. पण मिती, म्हणजे लांबी, रुंदी, उंची अशा दिशा, वाढवत नेल्या की पार वाट लागते. दहा मितींच्या डब्यात दहा मितींचा गोल घातला तर ठिपका आत पडायची शक्यता पाव टक्का, म्हणजे ४०० ठिपके टाका तेव्हा एक मिळणार, आणि वीस मितींना साधारण चार कोटीत एक. सगळी जागा कोपऱ्यांनीच खाल्लेली असते. तिथे ही पद्धत सोडावी लागते, आणि १९५३ पासून मेट्रोपोलिसच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत आहे, तिच्यात चालत चालत पुढे जायचं असतं. तिच्यातही नकार असतो पण त्याचा नियम निराळा आहे, पुढचं पाऊल नाकारलं तर जिथे उभे आहोत तोच आकडा परत एकदा मोजायचा. तो मोजला नाही तर उत्तर चुकतं. लेखात ह्या दोन पद्धतींची खिचडी झालीय, एका ठिकाणी वर्णन एकीचं आणि आक्षेप दुसरीवर.

वाया जाणं कमी करायचं असेल तर चौकोनाऐवजी कर्व्हला जवळून लपेटणारा दुसरा कर्व्ह घेतात, ज्याचे आकडे काढणं सोपं आहे असा. घंटेच्या आकाराच्या नॉर्मल कर्व्हवर कौशीचा कर्व्ह (तोही घंटेसारखाच, पण लांब शेपटाचा) पुरेसा फुगवून पांघरला तर ६५.८ टक्के राहतात. नॉर्मलचा फक्त उजवा अर्धा घेऊन त्यावर एक्स्पोनेन्शियल (सुरुवातीला उंच आणि मग उतरत जाणारा कर्व्ह) पांघरला तर ७६ टक्के, आणि मग डावं-उजवं नाणं उडवून ठरवायचं. मार्साग्लिया आणि त्सांग यांची २००० सालची झिगुराट पद्धत कर्व्हखाली आडव्या पट्ट्यांचा जिना रचते आणि १२८ पट्ट्यांना जवळपास ९९ टक्के ठिपके ठेवते, फेकायचं जवळजवळ संपलंच. उलटं मात्र करून चालत नाही, म्हणजे कौशीवर नॉर्मल पांघरायला गेलात तर कितीही फुगवा, लांब शेपटाकडे पांघरूण आखूडच पडतं, कारण कौशीचं शेपूट हळूहळू उतरतं आणि नॉर्मलचं धाडकन.

आणि पांघरूण आखूड पडणं हाच ह्या सगळ्या प्रकरणातला खरा धोका आहे. परत आपला पहिला कर्व्ह घ्या, उंची १.५. कोणीतरी घाईत चौकोन १.२ उंचच काढला. आता क्ष साधारण ०.२८ ते ०.७२ ह्या पट्ट्यात कर्व्ह छताच्या वर गेलाय, तिथला प्रत्येक ठिपका राहणार, म्हणजे ज्या फुगवट्यासाठी एवढा खटाटोप केला तो फुगवटाच कापून सपाट झाला. आणि गंमत अशी की टाकलेल्यांचं प्रमाण बघायला जा तर ते सुधारलेलं दिसतं! आधी ६६.७ टक्के राहत होते, आता जवळजवळ ७६ टक्के राहतात. कमी टाकलं, काम लवकर झालं, सगळे खूश, आणि उत्तर चूक. लेखकाच्या मोजपट्टीने, म्हणजे जितकं जास्त टाकलं तितका संशय जास्त, हा दुसरा माणूस जास्त प्रामाणिक ठरेल. तसाच आणखी एक प्रकार म्हणजे शंभर वेळा नकार आला की कंटाळून शेवटचा आकडा तसाच ठेवून द्यायचा, इथेही टाकणं कमी होतं आणि पांघरुणाचा आकार सॅम्पलमधे झिरपतो.

टाकलेल्यांचं अजून एक आहे, ते टाकले तरी मोजून ठेवायचे असतात. वरच्या फॉर्म्युल्यातला ६ काढून टाका, नुसता क्ष गुणिले (१ − क्ष) ठेवा आणि चौकोन ०.२५ उंच घ्या, पद्धतीला काही फरक पडत नाही, तेच आकडे मिळतात. हे फार सोयीचं आहे कारण खऱ्या कामात तो सहा बऱ्याचदा माहीतच नसतो, कर्व्हचा आकार कळलेला असतो पण खालचं एकूण क्षेत्रफळ काढणं डोकेदुखी असते. आणि किती राहिले, किती गेले हे मोजलं तर ते क्षेत्रफळही फुकटात कळतं, तीनातले दोन राहिले, ०.२५ ला दोन तृतीयांशाने गुणा, एक षष्ठांश, म्हणजेच तो हरवलेला ६ सापडला. चौकोनातल्या वर्तुळावर ठिपके टाकून पाय, म्हणजे π, काढतात ते ह्याच हिशोबाने. फार अपेक्षा मात्र ठेवू नका, दहा हजार ठिपके टाकले तरी पायचा दुसरा दशांश आकडासुद्धा डळमळीतच असतो, आणि चूक निम्मी करायची तर ठिपके चौपट लागतात. तेव्हा एखाद्या सिम्युलेशनवर संशय घ्यायचाच असेल तर किती टाकले हे सांगितलंय का, नियम आधीच लिहून ठेवला होता का आणि छत खरंच सगळ्यात उंच जागेच्या वर आहे हे कशावरून, असं विचारावं. टाकले कशाला असं विचारून काही हाती लागत नाही.

जाता जाता तुमच्या चित्राबद्दल. लेखाबरोबर कर्व्ह आणि ठिपक्यांचं जे रंगीत चित्र छापलंय त्यात कर्व्हचं टोक चौकोनाच्या बाहेर गेलंय आणि बाहेरच्या भागात एकही ठिपका नाही. सजावटीसाठी केलं असेल, पण वर सांगितलेली आखूड छताची चूक ती हीच. लेखातला परिच्छेद दुरुस्त करायला जागा नसेल तर राहू द्या, पत्रही हवं तिथे कापा, पण चित्र तेवढं चौकोन वर ओढून परत छापा, कारण पोरं शाळेच्या प्रोजेक्टला पेपरातूनच चित्रं कापून चिकटवतात.

आपली,
एक नियमित वाचक